संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?

(ग्रंथालयाच्या शताब्दी समारंभात, खकनार येथे दिलेले व्याख्यान)



शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयात मराठीच्या अध्यापकाने संतवाङ्मयावर, कादंबरीवर, फार तर नवकवितेवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज संगणकावर बोलणार आहे. मी संगणकशास्त्राचा जाणकार नव्हे, हे प्रारंभीच सांगून टाकतो. तरीही हा विषय मी निवडला, त्याला कारण आहे. गेल्या शंभर वर्षांत या वास्तूने केवळ पुस्तके सांभाळली नाहीत. दाखलनोंदवही, सभासदांची नावे, देणगीदारांच्या याद्या, कोणी कोणते पुस्तक केव्हा नेले याची नोंद, हे सारेही सांभाळले. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, निमाडी आणि कोरकू बोलींच्या शेजारी राहून मराठी टिकवणाऱ्या माणसांचा तो इतिहासच आहे. आजवर तो लाकडी कपाटात होता आणि कपाटाची किल्ली ग्रंथपालांच्या हाती असे. आता तो हळूहळू संगणकात जात आहे. तेव्हा प्रश्न असा की, या नव्या कपाटाची किल्ली नेमकी कोणाच्या हाती आहे?

संगणक सुरू केल्याबरोबर जी आज्ञावली जागी होते आणि यंत्राचा सारा कारभार हाती घेते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपण तिला संचालन प्रणाली म्हणू. टंकलेखन, हिशेब, छपाई ही सारी कामे तिच्या परवानगीने चालतात. घरात पाहुणे कितीही असोत, कोठी उघडायची ती घरच्या कारभाऱ्यानेच. तसे हे आहे. आपल्याकडील बहुतेक कार्यालयांत हा कारभारी म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज. ती कशी बनली आहे, तिच्या पोटात काय चालते, हे सामान्य वापरकर्त्यास पाहता येत नाही. आपण वापराचा परवाना घेतो, मालकी नव्हे.

याला पर्याय आहे, आणि तो आजचा नाही. संगणकाच्या आरंभीच्या काळात आज्ञावल्या एकमेकांना देणे ही विद्यापीठांतील रीतच होती. पुढे त्या व्यापाराची वस्तू झाल्या आणि त्यांचे मूळ लेखन, ज्याला सोर्स कोड म्हणतात, कुलपात गेले. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना ही गोष्ट मानवली नाही. १९८३ साली त्यांनी सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला. तिचे नाव जी.एन.यू. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टॉर्व्हल्ड्स या विद्यार्थ्याने त्या प्रणालीला हवा असलेला गाभा लिहून खुला केला. तोच लिनक्स. आज जगातील अव्वल पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते, आणि आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे. केवळ टेबलावरच्या संगणकावर मात्र त्याला अद्याप कोपऱ्यातलीच जागा मिळाली आहे. असे का, हा आजच्या विचाराचा एक भाग आहे.

आता सुरक्षेकडे वळू. सुरक्षेची चिंता म्हटली की आपल्याला चोर आठवतो. पण संगणकाच्या बाबतीत चिंता तीन प्रकारची आहे.

पहिली अर्थातच चोराची. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या विषाणूने दीडशेच्या आसपास देशांतील लक्षावधी विंडोज संगणकांना ग्रासले. यंत्रातील कागदपत्रे कुलूपबंद करायची आणि सोडवणुकीसाठी खंडणी मागायची, अशी त्याची रीत होती. ब्रिटनमधील रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. या प्रकरणातील खरी विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. विंडोजमधील ज्या छिद्रातून हा विषाणू शिरला, ते अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला आधीच ठाऊक होते. त्यांनी ते कंपनीला न सांगता स्वतःच्या उपयोगासाठी राखून ठेवले होते, आणि तेथूनच त्याची फोड झाली. कंपनीने मार्चमध्ये दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते मे महिन्यात सापडले. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा विषाणू आला. तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीतून पसरला आणि मर्स्क या जहाजकंपनीच्या यंत्रणेत शिरून थेट आपल्या उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात पोहोचला. तेथील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले आणि मालाच्या पेट्या धक्क्यावर अडकून पडल्या. युक्रेनमध्ये शिंक आली आणि रायगड जिल्ह्यात ताप चढला, असाच हा प्रकार.

दुसरी चिंता जुनेपणाची. बंद प्रणालीची दुरुस्ती तिच्या मालकालाच करता येते, आणि ती किती काळ करायची हेही मालकच ठरवतो. विंडोज एक्सपीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. वाढीव मुदतीची सोय कंपनीने ठेवली, पण तिलाही शेवट आहे. पुढची विंडोज ११ वापरायची तर यंत्रात टी.पी.एम. नावाची विशिष्ट सुरक्षा सोय आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. अनेक चालत्या संगणकांत ती नाहीत. म्हणजे यंत्र धडधाकट, पण त्याला रखवालदार मिळणार नाही. शहरातील मोठे कार्यालय नवे संगणक घेईल. वर्गणीवर आणि देणगीवर चालणाऱ्या ग्रंथालयाने काय करावे?

तिसरी चिंता परावलंबनाची, आणि माझ्या मते तीच सर्वांत खोल आहे. जुलै २०२५ मध्ये गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने एकाएकी थांबवल्या. कारण युरोपीय संघाने त्या कंपनीवर निर्बंध लादले होते. कंपनी भारतातील, कारखाना भारतातील, सेवेचे पैसे भरलेले, आणि निर्णय दुसऱ्याच भूखंडावर झालेला! कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. त्या निर्बंधांचे योग्यायोग्य हा आपला विषय नाही. आपले टपाल आणि आपली कागदपत्रे दुसऱ्याच्या एका कळीवर अवलंबून असतात, एवढे त्यातून दिसले.

ही गोष्ट आपल्या देशाला नवी नाही. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात हवामानाच्या अभ्यासासह अन्य कामांसाठी भारताला अमेरिकेकडून क्रे महासंगणक हवे होते. त्या देण्याघेण्यात अटी आणि नकार आले. त्यातूनच १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि वऱ्हाडातील मुरंबा गावचे सुपुत्र डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम’ महासंगणक सिद्ध झाला. आणि आपल्या जिल्ह्याकडे पाहा. वृत्तपत्राचा कागद परदेशांतून आणावा लागे, त्या काळात नेपानगरचा कारखाना उभा राहिला. १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. सातपुड्यातील सलई आणि बांबू यांतून वृत्तपत्राचा कागद निघाला. विचार छापण्यासाठी कागद आपला हवा, हे ज्या पिढीला उमगले, तिच्या वारसांना विचार साठवण्यासाठी प्रणालीही आपल्या ताब्यातील हवी, हे पटायला जड जाऊ नये.

येथे एक रास्त शंका येते. ज्या प्रणालीचे मूळ लेखन सर्वांना खुले आहे, ते चोरालाही खुलेच असणार! मग ती सुरक्षित कशी?

शंका जुनी आहे आणि तिचे उत्तरही जुने आहे. ऑगुस्त केर्कहॉफ्स या विद्वानाने १८८३ साली सांकेतिक लेखनाविषयी एक तत्त्व मांडले. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, केवळ किल्ली गुप्त राहिली पाहिजे. अशी पद्धत असेल तीच खरी भरवशाची, असा त्याचा आशय. चांगल्या कुलपाची रचना जगाला माहीत असते, तरी ते उघडत नाही. ज्या कुलपाची सारी मदार त्याची रचना कोणाला कळू नये यावर आहे, ते कुलूप कच्चे समजावे.

आपल्या परिसरातील उदाहरण घ्यायचे तर बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचे घेता येईल. अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालील बोगद्यातून शहराकडे आणले गेले. बोगद्याच्या मार्गावर ठरावीक अंतराने उभ्या कुंड्या आहेत, त्या शंभरावर भरतात. या कुंड्या उघड्या नसत्या तर गाळ कोठे साचला, पडझड कोठे झाली, हे कोणाला कळले असते? उघड्या तोंडातून केरकचरा पडू शकतो हे खरे. पण उघड्या तोंडातूनच माणूस खाली उतरून तो काढू शकतो. खुल्या प्रणालीची गोष्ट अशीच आहे. तिच्यात दोष नसतात असे नव्हे. दोष शोधण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार एकाच मालकाजवळ नसतो, एवढाच तिचा दावा आहे.

पण कुंडीला तोंड आहे म्हणून कोणी तरी आपोआप खाली उतरेल, असे मानून चालत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ या नावाने गाजलेला दोष उघडकीस आला. जगभरच्या संकेतस्थळांची गुप्तता ज्या खुल्या आज्ञावलीवर विसंबून होती, तिच्यात तो दोन वर्षे होता. लेखन सर्वांना खुले होते, पण वाचणारे विरळा. २०२४ साली तर याहून गंभीर प्रकार घडला. ‘एक्स-झेड’ नावाच्या एका लहानशा खुल्या आज्ञावलीची निगा एकच माणूस फावल्या वेळात राखत होता. एका अज्ञाताने दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून वावरून त्याचा विश्वास संपादन केला आणि मग तिच्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपला संगणक अर्धा सेकंद उशिरा प्रतिसाद देतो असे जाणवले. त्याने माग काढला आणि २९ मार्च रोजी ते कारस्थान जगापुढे मांडले. चोरदरवाजा बहुतांश लोकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच सापडला. या घटनेकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. खुलेपणामुळे तो सापडला, हे खरे. आणि सार्वजनिक विहिरीचे पाणी सारे गाव पिते पण गाळ उपसायला एकटाच उतरतो, हेही खरे.

आणि माणसाचे काय? आपला असीरगड दख्खनचे द्वार म्हणून अभेद्य समजला जाई. १६०१ साली तो अकबराच्या हाती आला तो तोफांपेक्षा लाचेने आणि फितुरीने, असे इतिहासकार सांगतात. संगणकाचा परवलीचा शब्द कागदावर लिहून पडद्यालाच चिकटवून ठेवणाऱ्या कार्यालयाला कोणती प्रणाली वाचवणार? नाव मी घेत नाही, पण माझ्या परिचयातील एका संस्थेत एका पेनड्राइव्हपायी कित्येक वर्षांच्या नोंदी नष्ट झाल्या. कारण त्यांची दुसरी प्रत कोणी ठेवलीच नव्हती. प्रणाली कोणतीही असो, हे दुखणे आपले आपणच बरे करायचे आहे.

खुली प्रणाली प्रत्यक्षात कोणी स्वीकारली? भारतातील ठळक उदाहरण केरळचे. तेथे २००१ साली शाळांसाठी संगणकशिक्षणाचा प्रकल्प सुरू झाला, आणि पुढील काही वर्षांत सरकारी व अनुदानित शाळांतील शिक्षण लिनक्सवर आले. त्यांनी प्रथम शिक्षकांना शिकवले, मग यंत्रे बदलली. यशाचे मर्म या क्रमात आहे. केंद्रीय पातळीवर सी-डॅकने २००७ साली भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ ही प्रणाली आणली. शासकीय यंत्रणांत खुल्या आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ साली जाहीर केले. २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली आपल्या संगणकांवर बसवण्यास आरंभ केला. त्यामागील प्रमुख कारण सुरक्षा हेच होते. फ्रान्सच्या जांदार्मरी या सशस्त्र पोलीसदलाने २००८ पासून हजारो संगणक लिनक्सवर नेले आणि ते टिकवले.

उलट उदाहरणही ऐकावे. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ साली विंडोज सोडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्वतः महापौरांना भेटायला धावले होते. पालिकेने दहा वर्षे खपून सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर आणले. पुढे महापौर बदलले, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, इतर कार्यालयांशी कागदपत्रांची देवघेव अडू लागली, आणि २०१७ साली परतीचा निर्णय झाला. प्रणाली मोफत मिळते. पण सवय मोफत बदलत नाही. तिच्यासाठी वेळ, शिक्षण आणि पदाधिकाऱ्यांची चिकाटी लागते. टेबलावरच्या संगणकावर लिनक्स मागे का, याचे उत्तर येथे बरेचसे मिळते. दुकानातून येणाऱ्या बहुतेक संगणकांत विंडोज आधीच घातलेली असते, हे दुसरे कारण.

रसिकहो, आता भाषेच्या अध्यापकाला खरोखर जिव्हाळ्याचा असलेला भाग. १९९० नंतरच्या दशकात मराठीची अक्षरजुळणी संगणकावर आली. प्रत्येक कंपनीचा टंक वेगळा, त्यातील अक्षरांची मांडणी वेगळी. त्या काळी जुळवलेला मजकूर आज उघडावा तर तो विशिष्ट टंक जवळ नसल्यास पडद्यावर अर्थहीन चिन्हांचा सडा दिसतो. मोडी लिपीतील तीनशे वर्षांचे दप्तर जाणकाराला वाचता येते, आणि तीस वर्षांपूर्वीची मराठी स्मरणिका तिच्या संपादकालाही वाचता येत नाही! याला विनाश म्हणावयाचे नाही तर काय? येथे चोर आला नाही, विषाणू आला नाही. केवळ किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहिली.

ही कोंडी युनिकोड या सर्वमान्य संकेताने फोडली आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी विंडोजमधील ‘मंगल’ हा टंक रेखाटला, आणि मुंबईच्या एन.सी.एस.टी. या संस्थेत असताना ‘रघू’ हा टंकही घडवला, जो मुक्त परवान्यावर सर्वांना मिळाला. एकाच हाताचे एक अक्षर कंपनीच्या मालकीचे झाले, दुसरे समाजाच्या. २००४ साली रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे टंक खुले केले; मुंबईच्या ‘एक टाइप’ने पुढे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ दिले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रे ऑफिस यांचे धडे मराठीत ऐकावयास मिळतात. कर्जतजवळच्या खैराट येथील वाडीवरच्या लहानशा शाळेत २००७ साली मुलांच्या हाती जे छोटे संगणक दिले गेले, तेही लिनक्सवरच चालत. तेव्हा हे काम आपल्या माणसांना परके आहे, असे म्हणण्याचे कारण नाही.

ग्रंथालयांचे स्वतःचेही एक उदाहरण आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ हा एक छोटा ग्रामीण परिसर. तेथील ग्रंथालय न्यासाची जुनी संगणकव्यवस्था २००० साल उजाडताच बंद पडेल अशी भीती होती आणि महागडी नवी परवडत नव्हती. न्यासाने १९९९ साली स्वतःसाठी नवी आज्ञावली लिहवून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू केली, आणि मग जगातील सर्व ग्रंथालयांसाठी खुली केली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट, परतफेडीची जाणीव असलेली भेट. आज भारतातील अनेक विद्यापीठांची ग्रंथालये तिच्यावर चालतात, आणि ती लिनक्सवर चालते. एका ग्रामीण भागातील ग्रंथालयाने जगाला दिलेली ही भेट आहे, हे खकनारच्या ग्रंथालयाने आवर्जून लक्षात ठेवावे.

मग आपण काय करावे? माझी सूचना माफक आहे. सारे एका दिवसात बदलू नये. दुरुस्ती थांबलेल्या एका जुन्या संगणकावर लिनक्स बसवावी आणि वाचनकक्षात सर्वांच्या वापरासाठी ठेवावी. सहा महिने अडचणींची नोंद एका वहीत करावी, आणि त्या वहीच्या आधारे पुढचे ठरवावे. दरम्यान यापुढील सर्व मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात साठवावा. नोंदींच्या दोन प्रती ठेवाव्यात, त्यांतील एक या वास्तूबाहेर. आणि सभासदाने कोणते पुस्तक वाचले, ही नोंद त्याच्या संमतीविना कोणाकडेही जाऊ देऊ नये. वाचकाचा एकांत ही ग्रंथालयाजवळची ठेव आहे. तिचे रक्षण पुस्तकांच्या रक्षणाइतकेच महत्त्वाचे. गावातील महाविद्यालयीन मुलामुलींवर हे काम सोपवावे, म्हणजे वाचनालयाकडे न फिरकणारी ती पिढी कामाच्या निमित्ताने का होईना, या दारातून आत येईल.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी येथे पहिले कपाट ठेवले, त्यांनी पुस्तके विकत घेऊन कुलपात घातली नाहीत. सर्वांना वाचता यावीत म्हणून ती मांडून ठेवली. ज्ञान वाटल्याने कमी होत नाही, हा विश्वास त्यामागे होता. संगणकाच्या जगात तोच विश्वास बाळगणारी माणसे खुल्या प्रणाली लिहीत आहेत. त्यांच्याशी नाते जोडणे हे या संस्थेच्या मूळ वृत्तीला धरूनच होईल, असे मला वाटते.

 ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकास मनःपूर्वक शुभेच्छा देऊन येथेच थांबतो.